पलटणीचं तेल आणि बसप्पांचा हात

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी लॉरीखाली उताणा पडलो होतो. "धाराशिवचं दिसतंय रे," असं म्हणत आवारातल्या मुनीमजींनी ते चाकाजवळ टाकलं. हात तेलानं माखलेले, म्हणून मी ते उचललं नाही. मान वाकडी करून, जमिनीवर पडलं होतं तसंच वाचलं. "अण्णा गेल्या सोमवारी लिंगैक्य झाले. तीन दिवस ताप होता. बसवून समाधी दिली. तुम्हाला कळवा असं ते म्हणाले नव्हते, मी आपल्या मनानं कळवते. शेड आम्ही दोघं चालवतोय, पण मोटारवाले फिरकत नाहीत. वकिलांच्या गाडीचं लोक अजून बोलतात. गौरव्वा." गौरव्वा म्हणजे बसप्पा मिस्त्रींची मुलगी, अण्णा म्हणजे तेच; दोघं म्हणजे ती आणि तिचा नवरा शिवराया. मी परत लॉरीखाली तोंड घातलं आणि जो नट आवळत होतो तोच आवळत राहिलो... तो कधीच आवळून झाला होता. नंतर बघतो तर आटे गेलेले.

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी नीट जेवलो नाही असं म्हणणार नाही, जेवलो. पण ताटावरून उठलो की काय खाल्लं ते आठवत नाही. पोस्टकार्डातलं शेवटचं वाक्य डोक्यात फिरत राहतं. वकिलांच्या गाडीचं लोक अजून बोलतात. काय बोलतात ते मला माहीत आहे. बसप्पा मिस्त्रीनं वाईट दिवसांत वकिलांच्या मोटारीत भलतं तेल घालायला सांगितलं, भर घाटात इंजिन मारलं, बायकापोरं रस्त्यावर आणली, असं बोलतात. हे खोटं आहे. खरं काय ते सांगणारा माणूस एकच उरला आहे, आणि तो इथं नागपुरात, घरापासून इतक्या लांब, लॉरी चालवतो. धाराशिवात या वर्तमानपत्राचा रविवारचा अंक जातो, वाचनालयात चार लोक तो वाचतात, म्हणून इथं लिहितो. आमचे मालकही हा अंक वाचतात, आणि आमचे मालक त्या वकीलसाहेबांचे सख्खे मेहुणे आहेत. पण बसप्पांविषयी लिहायचं आणि हे सोडून लिहायचं, म्हणजे टाकी रिकामी ठेवून हँडल मारल्यासारखं होईल.

बसप्पा मूळचे उमरग्याच्या पलीकडचे, जिथं माणूस अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं कानडीत बोलतो तिकडचे. घर लिंगायताचं, तेल गाळणाऱ्यांचं. वडिलांचा घाणा होता. करडई, जवस, तीळ, एरंड... सगळी तेलं त्यांना लहानपणापासून बोटांनी कळायची. पुढं कुठल्याशा जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला लागले, तिथून मोटारीकडं वळले आणि धाराशिवात मोंढ्याच्या मागं पत्र्याची शेड टाकून बसले. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद. बसप्पा मात्र कायम "धाराशीव"च म्हणायचे, आणि तेलाला कायम "यण्णी". कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि कोपरापर्यंत काळे हात. ती डबी मात्र कधी काळी झालेली मी बघितली नाही. काम करताना ते तिला सदऱ्याच्या आत ढकलून वरचं बटण लावायचे. डब्यातलं तेल अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचे, बोटं हळूच अलग करायचे, मधे तार किती लांब धरते ते बघायचे आणि मग एकच शब्द बोलायचे. "चालंल." नाहीतर "नगं." तिसरा शब्द त्यांच्याकडं नव्हता.

मी बेंबळीचा. घरी थोडी जमीन, भाऊ तिघं. चौथीपर्यंत शिकलो, संस्थानातल्या शाळांत पुढं सगळं उर्दूत होतं, मास्तर मारकुटे होते आणि मला शाळेपेक्षा रस्त्यावरून जाणारी मोटार जास्त कळायची, म्हणून सोडली. ही गोष्ट सांगताना मला आजही कमीपणा वाटतो. बाविसाव्या वर्षी वकीलसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागलो, ते केवढं नशीब! मोटार माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल. चार सिलिंडरची, कापडी टपाची, हँडल मारून चालू करायची. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नामदेव, हिला हात लावायचा तो बसप्पांना विचारून. तेलाचा थेंबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय घालायचा नाही." मी लगेच डबा घेऊन शेडमध्ये गेलो. बसप्पा एका मडक्यातून काळंभोर तेल फडक्यानं गाळत होते.

"मिस्त्री, हे काय घालताय? डांबर?"

"डांबर तुझ्या बेंबळीला घाल. यण्णी हाय ही."

"पण ही तर वापरलेली..."

"तू बी वापरलेलाच हायस. घालतोय न्हवं वकील तुला मोटारीत?"

शेडमधली माणसं हसली. मीही हसलो, पण मनात एक डाग पडला तो पडलाच. लढाईचे दिवस होते, चांगलं तेल मिळत नव्हतं. बसप्पा जुनं तेल पंधरा-पंधरा दिवस मडक्यात निवत ठेवायचे, वरचं हलक्या हातानं काढून घ्यायचे, दोनदा गाळायचे आणि त्यात जपून ठेवलेलं जाड तेल मिसळून आमच्या गाडीत घालायचे. इंजिनाचं झाकण उघडलं की आत काजळीचा थर, बोट घातलं तर नखात बसेल एवढा. "हे एकदा खरवडून काढू का?" असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर. "नगं." का नको? "नगं म्हनलं न्हवं?" गाडी निळा धूर सोडायची. वकीलसाहेबांच्या आई मागं बसल्या की नाकाला पदर लावून म्हणायच्या, "ही मोटार हाय का होम पेटवलाय रे? ऊद तरी टाक त्यात." मला लाज वाटायची. स्वच्छ कपडे घालून मी गाडी चालवायचो आणि आत मात्र असलं काळं पाणी... माझी खात्री झाली होती की एक ना एक दिवस ही घाण इंजिनाला मारणार.

लढाई संपली आणि आमच्याकडचे दिवस जास्तच वाईट झाले. रोज नवी अफवा. आज या गावात जाळपोळ, उद्या त्या गावात. शेजारचं घर सकाळी उघडं आणि दुपारी कुलूप लावलेलं, माणसं संस्थानाच्या शिवेपलीकडं बार्शीला नाहीतर सोलापूरला गेलेली. वकीलसाहेबांनीही ठरवलं : आई, बाई आणि दोन मुली यांना बार्शीला पोचवायचं. स्टेशनावर गर्दी आणि झडती, म्हणून मोटारीनं जायचं. मला आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, उद्या सकाळी निघायचं. रस्ता येडशीवरून, मधे रामलिंगाचा घाट. चार बायामाणसं गाडीत आणि ही गाडी बंद पडली तर? कुठं पडेल, कुणाच्या हाती सापडू? मी हे शंभर वेळा मनात घोळवलं, आणि शंभराव्या वेळी मला तो डबा आठवला.

सोलापूरच्या एका लॉरीवाल्यानं महिन्यापूर्वी मला एक डबा आणून दिला होता. पलटणीच्या लिलावात निघालेलं तेल, हिरवा डबा, सील शाबूत. करोडगिरीच्या, म्हणजे संस्थानाच्या जकातीच्या, नाक्यावर त्यानं तो शिधा म्हणून पार केला होता. मी आणि त्यानं मिळून भोक पाडून पाहिलं. काय तेल ते! मधासारखं. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसावं. "रणगाड्यात घालत्यात हे," लॉरीवाला म्हणाला. रणगाड्याला चालतं ते वकिलांच्या गाडीला चालणार नाही? मला वाटलं, या बायामाणसांना मी सुखरूप पोचवीन ते याच तेलावर.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण सगळं इथंच आहे.

सकाळी सात वाजता मी डबा काखेत घेऊन शेडवर गेलो. वकीलसाहेबांचा हुकूम होता, विचारल्याशिवाय थेंब नाही. बसप्पा शेडमागच्या खोलीत पूजेला बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही पूजा देव्हाऱ्यातली नव्हे. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. तेवढा वेळ बसप्पा कुणाशी शब्द बोलायचे नाहीत. घर पेटलं तरी बोलणार नाहीत असं गौरव्वा म्हणायची. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो, "मिस्त्री, आज निघायचंय. पलटणीचं तेल मिळालंय, नवंकोरं. जुनं सगळं काढून हे घालू का?"

त्यांनी नजर वर केली. डबा बघितला. डावा तळहात जिथल्या तिथं स्थिर, आणि उजवा हात उचलून त्यांनी दोनदा हलवला. असा, बाहेरच्या बाजूला. मग नजर परत तळहातावर.

तो हात 'नको' म्हणत होता. तोच हात 'जा, आता मधे बोलू नको' असंही म्हणू शकला असता. पूजेतला माणूस पोरांना हाकलतो तसा. मी तिथं अर्धा मिनिट उभा होतो. थांबलो असतो तर पाव तासात पूजा आटपली असती. त्यांनी डबी बंद केली असती आणि तोंडानं "नगं" म्हटलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी थांबलो नाही. पुढं लोकांना सांगायला, आणि स्वतःलाही सांगायला, मी एक वाक्य तयार करून ठेवलं : विचारलं होतं, त्यांनी 'जा' म्हटलं. दोन वर्षं ते वाक्य मी जपून वापरलं. आज सांगतो... मला त्याच वेळी कळलं होतं.

घरी येऊन मी जुनं तेल सोडलं. नवं घातलं. हँडल मारलं तर इंजिन सुतासारखं चालू झालं, धूर कमी, आवाज मऊ. वकीलसाहेबांच्या आईसुद्धा म्हणाल्या, "आज होम विझला वाटतं." मी इतका खूष झालो की येडशीच्या रस्त्याला लागेपर्यंत गुणगुणत होतो. रस्त्यात दोनदा आम्हाला माणसांनी थांबवलं, आत डोकावून पाहिलं, सोडलं. घाट लागला. निम्मा घाट चढलो आणि खालून ठक् असा आवाज आला. मग ठक् ठक्. मग कुणीतरी आतून हातोडीनं दार ठोकावं तसं... आणि इंजिन जागच्या जागी धरलं. हँडल मारून पाहिलं, हलेना. दोन्ही पाय देऊन पाहिलं, हलेना. धाकटी मुलगी रडायला लागली. वकीलसाहेब खाली उतरले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि धाकटीला उचलून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

धाराशिवकडं निघालेला एक सायकलवाला भेटला, त्याच्याबरोबर बसप्पांना निरोप पाठवला. दुसऱ्या एकाला येडशीला बैलगाड्या बघायला धाडलं. तोपर्यंत सगळे एका झाडाखाली बसलो. आईसाहेब जपमाळ ओढत होत्या. लांबून कुठलीही धूळ उडाली की माळ थांबायची, धूळ उडवणारा गुराखी आहे असं कळलं की पुन्हा चालू व्हायची. तीनच्या सुमाराला घाटाच्या खालच्या वळणावर एक सायकल दिसली, हातानं ढकलत आणलेली. बसप्पा. असल्या दिवसांत, त्या वयात, एकटे बारा मैल आले होते. हँडलला हत्यारांची पिशवी होती.

त्यांनी सायकल झाडाला टेकवली. गाडीखाली शिरले, खालचा बोल्ट सैल केला आणि तळहातावर तेल घेतलं. सकाळी मधासारखं घातलेलं तेल शाईसारखं बाहेर आलं, आणि त्यात काजळीच्या गाठी, हरभऱ्याएवढ्या. त्यांनी वास घेतला. बोटांनी चोळलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"काय झालं मिस्त्री?" वकीलसाहेब वाकून म्हणाले.

"तेल चुकलं, सायब."

"तेल चुकलं? मी याला बजावलं होतं, तुम्हाला विचारल्याशिवाय थेंब घालायचा नाही!"

बसप्पा गाडीखालून सरकत बाहेर आले. फडक्यानं हात पुसले, एक एक बोट पुसलं. "मला इचारूनच घातलंय त्यानं," ते म्हणाले.

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. वकीलसाहेबांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. चेहरा असा झाला की मला आजही तो समोर दिसतो. "तुमच्या भरवशावर मी बायकामुलांना गाडीत बसवलं," एवढंच म्हणाले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. नोकरी जाईल, बेंबळीला भाऊ काय म्हणतील, आणि अशा दिवसांत दुसरं काम कोण देईल... हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं आणि श्वास संपला तेव्हा वेळ गेलेली होती.

चारला बैलगाड्या आल्या. वकीलसाहेब सगळ्यांना घेऊन येडशीला गेले आणि तिथून छोट्या रेल्वेनं बार्शीला. सुखरूप पोचले, हे देवाचे उपकार. गाडीजवळ आम्ही दोघंच राहिलो. बसप्पा दगडावर बसले, तंबाखू काढली, मला दिली नाही.

"हात हलवल्याला दिसला न्हवं तुला?"

"दिसला."

"मंग?"

"मला वाटलं... जा म्हणताय."

"वाटलं?"

त्यांनी तंबाखू खिशात टाकली. मग म्हणाले, "सुम्मन, गप ऱ्हा आता. त्वांड धुऊन घे." आणि उठून बैल मिळतात का बघायला गेले, कारण मोटार परत न्यायची होती. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदाच विचारलं, आणि तो प्रश्न माझ्याकडंच ठेवून गेले.

बार्शीत वकीलसाहेबांनी ही हकिकत ओळखीच्या मोटारवाल्यांना सांगितली. त्यांची चूक नाही, त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. धाराशिवला बातमी त्यांच्याआधी पोचली. एक सावकार आपली गाडी बसप्पांकडून काढून दुसरीकडं घेऊन गेला, मग डॉक्टरांनी नेली. शेडमध्ये मोटारींच्या जागी पिठाच्या गिरणीची इंजिनं यायला लागली, तीही जवळच्या खेड्यांतली. बसप्पा बदलले ते मात्र वेगळ्याच बाबतीत. जो माणूस दोन शब्दांपलीकडं जात नव्हता तो आता कारणं सांगायला लागला. गिरणीवाला "तेल कुठलं घालू?" म्हणाला की त्याला बसवून घ्यायचे. "बस. का ते ऐक आन मंग घाल." गिरणीवाले कंटाळायचे. एक जण तर म्हणाला, "मिस्त्री, तेल सांगा, कीर्तन नगं." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते पूजेत बोलायला लागले. तळहातावर लिंग असताना कुणी उंबऱ्यावरून तेलाचं विचारलं, तर नजर न हलवता उत्तर द्यायचे. लिंगायतांचे गुरू, जंगमस्वामी, घरी आले होते, ते रागावले. "बसप्पा, हे काय? महादेव समोर हाय!"

"महादेव दम खातो, सामी," बसप्पा म्हणाले. "बेरिंग खात न्हाय."

गाव हसलं. 'पूजेत यण्णी' असं त्यांना नावच पडलं. मी ते ऐकायचो आणि रस्ता बदलायचो.

पुढं सगळं शांत झाल्यावर वकीलसाहेबांनी मला नागपूरच्या मेहुण्यांच्या नावे चिठ्ठी दिली. "त्या दिवशी तू गाडीपाशी थांबलास, पळून गेला नाहीस," असं म्हणाले. त्या चिठ्ठीवर मी आज जेवतो. निघण्याच्या दिवशी मी शेडवर गेलो. मनात ठरवून गेलो होतो की पाय धरायचे आणि सगळं बोलायचं. बसप्पांनी मला बोलूच दिलं नाही. औषधाची एक रिकामी बाटली घेतली, तिच्यात थोडं पाणी आणि वर त्या हिरव्या डब्यातलं, मोटारीबरोबर शेडवर आलेलं, उरलेलं तेल घातलं, बूच लावून घुसळली. ताकासारखं पांढरट झालं. "हे बघ. निवळत न्हाय. ह्या यण्णीत साबन हाय, साबन! नव्या विंजनाला लई ग्वाड; रोज अंघोळ घालतंय. जुन्याला इस वरसांचा मळ असतोय, आन तो मळच त्याच्या फटी बुजवून बसल्याला असतोय. एकदम धुतलं की मळ सुटतो, नळीत जाऊन बसतो, बेरिंगला थेंब मिळत न्हाय. म्हून जुन्याला जाड तेल, बिनसाबनाचं. पायतान ढिलं झालं की आत कापड कोंबतोस न्हवं? तसं. पर लई जाड बी नगं. थंडीत ते वर चढत न्हाय. हिवाळ्यात गाडी चालू केली की एक चिलीम व्हईस्तोर जागेवर ठिव, मंग हलव. आन पुढं-मागं धुयाचंच झालं, तर थोडं थोडं धू. दोनशे मैलाला तेल बदल, परत दोनशेला बदल..." ते बोलतच राहिले. माझी गाडी सुटायची वेळ झाली तरी बोलत होते. मला तेव्हा वाटलं, हे मला शिकवतायत. आता वाटतं, त्या सकाळी जे वाक्य त्यांनी पूजेसाठी गिळलं होतं, ते पूर्ण करत होते. शेवटी म्हणाले, "नुसतं नगं म्हनलं की मानूस ऐकत न्हाय रे. कारन सांगाय पायजे व्हतं. तेवढी माझी बी चूक."

त्यांची चूक! मी बाटली धोतराच्या सोग्यात बांधली आणि निघालो. पाय धरायचे राहिले.

इथवर लिहून झाल्यावर एक पत्र वकीलसाहेबांना घातलं, आणि आज सकाळी मालकांपुढं उभा राहिलो. ते चहा पीत होते. उभ्यानंच सगळं सांगितलं, हात हलवला तोसुद्धा करून दाखवला. मालकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता कामावरून काढतील.

"आपल्या जुन्या लॉरीत काय घातलंयस?" त्यांनी विचारलं.

"जाडं, मालक. बिनसाबणाचं."

"आणि नवीत?"

"नवीत साबणाचं."

"तुझ्यावर विश्वास कशाला ठेवू?"

मी खोलीवर गेलो आणि बसप्पांची ती बाटली रिकामी करून, धुऊन घेऊन आलो. त्यांच्या टेबलावर ठेवून तिच्यात पाणी घातलं, जुन्या लॉरीच्या डब्यातलं तेल घातलं, घुसळली आणि ठेवली. पाणी खाली, तेल वर, मधे स्वच्छ रेघ व्हायला थोडा वेळ लागतो. मालक बाटलीकडं बघत बसले. मी का ते सांगायला लागलो. मळाचं, फटींचं, नळीचं. मधेच मुनीमजी काही विचारायला दारात आले, मालकांनी त्यांच्याकडं न बघता उजवा हात उचलून हलवला. मुनीमजी घुटमळले. आत यावं की जावं ते त्यांना कळेना.

"थांबा म्हणतायत," मी म्हणालो, आणि मग मालकांना विचारलं, "मालक, थांबा का जा?"

"थांबा," मालक तोंडानं म्हणाले.

नोकरीचं उद्या बघू म्हणाले आहेत. वकीलसाहेबांचं उत्तर अजून नाही. बाटली मालकांच्या टेबलावरच आहे.